नवीन व्यापार करारांमुळे छोट्या बेट-देशांचा फायदा होतो की तोटा?

बऱ्याचदा आधी तोटा दिसतो आणि फायदा कमावावा लागतो. कारण सरकारच्या तिजोरीत आहे. छोट्या बेटांवर जवळजवळ सगळंच आयात होतं, त्यामुळे आयात शुल्क हा महसुलाचा मोठा आणि गोळा करायला सोपा स्रोत असतो. करारात शुल्क घटलं की ती तूट व्हॅटसारख्या करातून भरावी लागते, आणि त्याचा भार गरिबांवर जास्त पडतो.

२०२० च्या डिसेंबरमध्ये लागू झालेला 'पेसर प्लस' करार पाहा; हा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पॅसिफिक महासागरातल्या बेट-देशांमधला व्यापार करार आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या बाजारात पॅसिफिक बेटांच्या मालाला १९८० च्या दशकापासूनच जवळपास शुल्कमुक्त प्रवेश होता. मग नव्याने शुल्क कमी करायचं ते मुख्यतः बेटांनीच! फिजी आणि पापुआ न्यू गिनी, म्हणजे त्या भागातल्या दोन मोठ्या अर्थव्यवस्था, बाहेरच राहिल्या. मला त्यांचा निर्णय समजण्यासारखा वाटतो.

दुसरा धोका कमी बोलला जातो: करार इतरांचा, फटका आपल्याला. युरोपीय संघाने लॅटिन अमेरिकेच्या केळ्यांवरचं शुल्क उतरवत नेलं, तशी सेंट लुसिया, डॉमिनिकासारख्या कॅरिबियन बेटांच्या केळ्यांना युरोपात मिळणारी शुल्क सवलत पातळ झाली. डोंगरउतारावरचा छोटा शेतकरी मोठ्या मळ्यांशी दरात कसा टिकणार?

मॉरिशसने मात्र साखर आणि कापडाच्या सवलती आटत असताना वित्तसेवा, पर्यटन वाढवलं. २०२१ मध्ये चीन आणि भारत दोघांशीही त्याचे करार लागू झाले. पण तिथली प्रशासकीय क्षमता प्रत्येक बेटाकडे नसते. म्हणून कराराचा मसुदा वाचताना शुल्क कपातीची मुदत आणि वगळलेल्या वस्तूंची यादी आधी बघा.