काटोलजवळचं काळं वावर संत्र्याला चालेल का, ते कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय: ३ एकर काळं वावर, माती परीक्षणाच्या अहवालात सामू (pH) ८.१, सेंद्रिय कर्ब ०.४५ टक्के, पालाश (पोटॅश) भरपूर. मग संत्रा लावू का?

त्या कागदावरून हे ठरत नाही. तो नमुना वरच्या १५-२० सेंमीचा. झाडाला वर्षानुवर्षं उभं राहायचंय खालच्या थरांवर. रंगावरही जाऊ नका. माती काळीभोर असूनही कर्ब कमी, हे विदर्भात नेहमीचंच.

आधी एक मीटर खोल खड्डा खणा. उताराच्या वावरात दोन, एक वर आणि एक खाली, कारण खालच्या अंगाला माती खोल असते. धुरा (बांध), झाडाची सावली आणि शेणखताच्या ढिगाची जागा टाळा.

पहिली गोष्ट खोली. ५० सेंमीच्या आत कातळ लागला तर संत्रा नको. ६०-७० सेंमीनंतर भुसभुशीत मुरूम लागला तर उलट बरं, पाणी खाली झिरपतं. जुने लोक मातीला उथळ ते खोल अशा क्रमानं बरडी, खरडी, मोरंड, काळी म्हणायचे ते याच हिशेबानं. सगळ्यात खोल काळी पऱ्हाटीला (कापसाला) नि हरभऱ्याला उत्तम, संत्र्याला नाही: चिकण फुगते, पाणी धरते, मुळं गुदमरतात आणि डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) येतो. खड्ड्याच्या भिंतीत घासल्यासारखी चकचकीत तिरपी पाती दिसली तर तीच ही माती. खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर निचरा नाही. तरी लावायचंच असेल तर उंच वरंब्यावर लावा आणि चर काढा.

दुसरी गोष्ट चुना. प्रत्येक थराच्या ढेकळावर १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका, हातमोजे घालूनच. जोरात फसफसलं तर ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंमीचे नमुने वेगवेगळे प्रयोगशाळेत द्या. मुक्त चुना १० टक्क्यांवर असेल तर मी लावणार नाही. लोह-जस्त असूनही झाडाला मिळत नाही, पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जस्त तपासायचं असल्यास माती प्लॅस्टिकच्या घमेल्यात गोळा करा, गॅल्व्हनाइज्ड बादलीत नाही.

सामू ८.१ पाहून जिप्सम टाकायची घाई नको. एवढा सामू बहुधा चुन्याचा असतो, तो जिप्समनं उतरत नाही. जिप्समचं काम सोडियम हटवायचं. सामू ८.५ च्या वर असेल तर विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं) तपासा, मात्रा त्यावरून.

राहिली सुपीकता. कर्ब ०.४५ म्हणजे मध्यम. नत्र शेणखतासोबत हप्त्याहप्त्यानं द्या. चुनखडीत स्फुरद अडकतं, म्हणून वावरभर फेकू नका, शेणखतात मिसळून मुळांजवळ द्या. जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असेल तरच झिंक सल्फेट घ्या. पालाशवर आत्ता पैसे घालू नका.