एक कॉम्प्युटर, चार माणसं, एकच पासवर्ड

प्रश्न : लातूरच्या मोंढ्यात आमचं आडतीचं दुकान आहे. कॉम्प्युटर एकच. मी, मुनीमजी, पुतण्या आणि सीझनला ठेवलेला पोरगा, चौघंही त्यावर बसतो. पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरलाच चिकटवलीय. परवा सोयाबीनच्या एका पट्टीतलं (शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या पावतीतलं) वजन बदललेलं निघालं. कोणी बदललं, कळेल का?

उत्तर : आता नाही कळणार. विंडोजच्या हिशेबी तुमच्या दुकानात एकच माणूस कामाला आहे आणि सगळं त्यानेच केलंय. त्यामुळे मुनीमजींकडे संशयाने बघू नका, आधी ती चिठ्ठी काढा.

चौघांची चार खाती उघडा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स असं गेलात की नवीन खातं जोडता येतं. चारही खाती 'स्टँडर्ड', म्हणजे मर्यादित अधिकारांची ठेवा. हो, मालकाचंही! 'ॲडमिनिस्ट्रेटर' हे पाचवं खातं, फक्त नवीन सॉफ्टवेअर टाकण्यापुरतं. त्याचा पासवर्ड एकट्या तुमच्याकडे. कारण साधं आहे. व्हॉट्सॲपवरून आलेली खोटी बिलाची फाइल पोराने उघडली, तर ती त्याच्या खात्याचे अधिकार घेऊन चालते. खातं ॲडमिनचं असेल, तर अख्खं मशीन तिच्या हातात जाऊ शकतं.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. एक, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही प्रत्येकाचं वेगळं लॉगिन लागतं. पट्टी कोणी बदलली हे तिथे उमटणार, विंडोजमध्ये नाही. दोन, खाती वेगळी केली तरी डी ड्राइव्हवरच्या फायली सहसा सगळ्यांनाच दिसतात. घरचे कागद तिथे ठेवू नका.

आणि काट्यावर जायला उठलात की विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबा. स्क्रीनला कुलूप लागतं.

प्रश्न : मी परभणीत शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉम्प्युटरचा पासवर्डच आठवेना. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल.

उत्तर : थांबा बाई, फॉरमॅट अगदी शेवटी. खातं उघडताना ईमेल दिला होता का? मग ते मायक्रोसॉफ्टचं खातं आहे आणि नवा पासवर्ड मोबाइलवरूनही करता येतो. नुसतं नाव टाकलं होतं, तर चुकीचा पासवर्ड टाकून बघा. खातं उघडताना सुरक्षा-प्रश्न भरले असतील तर खाली 'रीसेट पासवर्ड' दिसेल. घरात दुसरं कोणाचं ॲडमिन खातं असेल, तर तिथूनही बदलता येतो. फायली राहतात, पण ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड जाऊ शकतात.

मात्र निळी स्क्रीन ४८ आकडी 'की' (किल्ली) मागत असेल तर ते बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या सगळ्या फायलींना लावलेलं विंडोजचं कुलूप आहे. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती नसेल तर दुकानदारालाही फायली काढता येणार नाहीत.

प्रश्न : वसमतला माझं सेवा केंद्र आहे. दर महिन्याला पासवर्ड बदलायचा म्हणून गावाच्या नावापुढे ०१, ०२ लावत जातो. बरोबर आहे ना?

उत्तर : तुमचा पुढचा पासवर्ड मीसुद्धा सांगीन. हा नियम रूढ करणारी मार्गदर्शिका अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत बिल बर यांनी २००३ मध्ये लिहिली. २०१७ मध्ये त्यांनीच तिच्याबद्दल खंत व्यक्त केली, आणि त्याच वर्षी निस्टने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं. फुटल्याची शंका आली किंवा कामावरचा माणूस सोडून गेला, तर बदला. एरवी लांबी वाढवा. हुरडा, पंक्चर, बारदाना, मावशी असे एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द सलग टाइप करा. (हेच चार नकोत, ते आता सगळ्यांनी वाचले.) गावाचं नाव, कुलदैवत आणि लेकराचं नाव सोडून काहीही चालेल.

गिऱ्हाइकाचं लॉगिन करताना ब्राउझरने 'पासवर्ड सेव्ह करू का' विचारलं, तर दरवेळी नाहीच म्हणा.

प्रश्न : चार आकडी पिन पासवर्डपेक्षा कच्चा नाही का? माझ्याकडे विंडोज १० आहे. (जालना)

उत्तर : पिन ज्या मशीनवर बनवला, फक्त त्याच मशीनवर चालतो. तो कोणाला कळला तरी त्याला तुमच्या टेबलापर्यंत यावं लागेल. जन्मसाल ठेवू नका, आणि सहा आकडे करा. काळजी पिनची नाही, विंडोज १० ची आहे. तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वेगळी नोंदणी केली नसेल तर तेव्हापासून सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालंय. मशीनला ११ चालते का, ते या आठवड्यात तपासून घ्या.