वाचकांचे प्रश्न : शटर वाजते, म्हणून कॅमेरा घ्यावा का?

प्रश्न : मला फिल्मवर छायाचित्रण शिकायचे असून एक जुना पेंटॅक्स के१००० विकत मिळतो आहे. शटर वाजते, परंतु लाइटमीटरचा, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या यंत्रणेचा, काटा हलत नाही आणि लेन्सच्या आत कडेला पांढुरके जाळे दिसते. एकदा दुरुस्ती केली की कॅमेरा नव्यासारखा होईल, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. तो घ्यावा का? अडकणाऱ्या भागांत थोडे तेल सोडले तर चालेल का?

उत्तर : तेलाचा विचार आधी सोडून द्यावा. बाहेरून सोडलेले तेल दातेरी चाकांपाशी थांबत नाही; ते शटरच्या पडद्यांपर्यंत आणि आरशापर्यंत पसरते, आणि मग साध्या सफाईत भागले असते तिथे संपूर्ण कॅमेरा उघडावा लागतो.

के१००० ची निवड चांगली आहे. १९७६ साली बाजारात आलेल्या या कॅमेऱ्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक असून बॅटरी केवळ लाइटमीटरला लागते. त्यामुळे न हलणारा काटा हा मोठा दोष असेलच असे नाही : नवी बॅटरी घालून पाहावी आणि तळाच्या कप्प्यात हिरवट क्षार साचला आहे का, हेही पाहावे. याउलट त्याच वर्षी आलेल्या कॅनन एई-१ चे शटर बॅटरीशिवाय चालतच नाही, आणि अशा कॅमेऱ्याचे सर्किट गेले तर सुटा भाग बहुधा दुसऱ्या मृत कॅमेऱ्यातूनच काढावा लागतो.

शटर वाजणे आणि शटर वेळेवर चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेग १ सेकंदावर ठेवून ऐकावे. पडदा रेंगाळत असेल किंवा मध्येच अडत असेल, तर आतले जुने वंगण घट्ट झाले आहे असे समजावे. मग लेन्स काढून, मागचे झाकण उघडून, उजळ भिंतीकडे पाहत १/१००० वर शटर सोडावे. चौकटीची एक बाजू काळी राहिली, तर दोन पडद्यांचा मेळ बिघडलेला आहे. झाकणाच्या खाचेतला, बाहेरचा प्रकाश अडवणारा फोम काडीने दाबून पाहावा. तो डांबरासारखा चिकटला, तर बदलावाच लागेल, पण ते काम स्वस्तातले असते.

खरी अडचण लेन्सची आहे. ते जाळे बुरशीचे असण्याचीच शक्यता अधिक. ती पुसता येते, परंतु तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर ती खूण कायम राहते. म्हणून कॅमेरा नादुरुस्त समजूनच त्याची किंमत ठरवावी, दुरुस्तीचा खर्च आधीच विचारून घ्यावा आणि लेन्स वेगळी, स्वच्छ पाहून घेणेच बरे.

‘नव्यासारखा’ या शब्दावर मात्र विसंबू नये. उत्तम सफाईनंतरही १/१००० चा वेग प्रत्यक्षात १/७०० च्या आसपास राहू शकतो. हा फरक साधारण अर्ध्या स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे), म्हणजे थोडा जास्त प्रकाश पडण्याचा असतो. निगेटिव्ह फिल्म तो सहज पचवते, थेट सुलट चित्र देणारी स्लाइड फिल्म तेवढी उदार नसते.

पहिला रोल पुन्हा न येणाऱ्या प्रसंगासाठी वापरू नये. प्रत्येक चित्रासाठी ठेवलेला शटरचा वेग व लेन्सच्या छिद्राचा (अ‍ॅपर्चरचा) आकडा वहीत लिहून ठेवावा, म्हणजे केवळ वरच्या वेगांची चित्रे एका कडेला काळवंडली तर दुरुस्ती करणाऱ्यापुढे निगेटिव्हसह ती वहीच ठेवता येईल.