पाणी गेलं म्हणता, तर ते कुठून गेलं हेही दाखवा

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, नाशिकला राहते. गुडघ्यांमुळे वाकवत नाही, म्हणून बंगळुरूच्या मुलीने दिवाळीच्या पाडव्याला ऑनलाइन मागवून मला केर काढणारा आणि फरशी पुसणारा रोबो पाठवला. किंमत ३१,९०० रुपये, बिल तिच्या नावावर. महिनाभरातच तो स्वयंपाकघराच्या दारातल्या काळ्या कडाप्प्याच्या पट्टीपाशी अडायला लागला. पाचव्या महिन्यात चार्ज होणंच बंद झालं. सर्व्हिस सेंटरने दोनदा नेऊन ‘तपासलं, ठीक आहे’ म्हणून परत दिला. तिसऱ्यांदा ‘आत पाणी गेलं आहे, वॉरंटीत बसत नाही’ असं लिहून मदरबोर्डचे ११,८०० रुपये मागितले. मी पैसे न देता मशीन घरी आणलं. विक्रीचं संकेतस्थळ म्हणतं, परतीचे सात दिवस उलटले. कंपनी म्हणते, आमच्या अटींप्रमाणे वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात चालेल. पुसायच्या पाण्यात मी कधीकधी दोन थेंब फिनाईल घालत असे. ते सांगू की नको? या वयात लढण्यात अर्थ आहे का?

उत्तर:

ताई, फिनाईलपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे. सांगा. ग्राहक आयोगात तक्रार शपथपत्रावर चालते, आणि तिथे एक गोष्ट लपवलेली निघाली की उरलेल्या दहा खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. शिवाय फिनाईलने टाकीचं बारीक छिद्र चोंदेल किंवा रबर खराब होईल. त्यामुळे मदरबोर्डच जळाला असं म्हणायचं असेल, तर कसा जळाला ते कंपनीला दाखवावं लागेल. माहितीपुस्तिकेत ‘टाकीत साध्या पाण्याशिवाय काही घालू नये’ असं आहे का ते आधी पाहा. ‘चार्जिंगला लावण्याआधी टाकी काढावी’ असं वाक्य आहे का, तेही पाहा. असेल आणि तुमच्याकडून ते पाळलं गेलं नसेल, तर मला आजच कळू द्या. समोरच्या वकिलाकडून ते ऐकायची वेळ माझ्यावर येऊ देऊ नका.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. त्या सोडवल्या नाहीत, तर कंपनी कच्ची तक्रार पुढे करून पक्की बुडवेल.

कच्ची आहे ती कडाप्प्याची. या यंत्राच्या पोटाखाली, कडेकडेने चार-सहा काळपट काचेच्या छोट्या खिडक्या असतात. त्यांतून अवरक्त किरण फरशीवर पडतात आणि परत येतात. ते परत आले नाहीत तर यंत्र समजतं की पुढे जिना आहे, आणि मागे फिरतं. काळा दगड हे किरण शोषून घेतो, म्हणून यंत्राला तुमचा कडाप्पा खड्ड्यासारखा दिसतो. हे घरीच पडताळता येईल. आधी त्या खिडक्या कोरड्या मऊ कापडाने पुसा. मग पट्टीवर पांढरा कागद सपाट बसवून चारी बाजूंनी चिकटवा आणि रोबो सोडा. कागदावरून तो सरळ पलीकडे गेला, तर चाकं आणि मोटर ठीक आहेत, अडचण फक्त रंगाची आहे. कुणी सांगेल की खिडक्यांवरच चिकटपट्टी लावून टाका. तसं मुळीच करू नका. यंत्र जिन्यावरून पडेल, आणि ‘ग्राहकाने छेडछाड केली’ असं लिहायला कंपनीला आयतं कारण मिळेल.

आता हा दोष आहे का? बऱ्याच कंपन्या पुस्तिकेत गडद फरशीबद्दल सूचना छापतात. ती सूचना असेल तर ही तक्रार एकटी टिकणार नाही. पण खरेदीच्या वेळी जाहिरातीच्या पानावर ‘सर्व प्रकारच्या फरशीसाठी’ असं लिहिलेलं असेल, तर चित्र बदलतं. मुलीला सांगा, ते पान अजून दिसत असेल तर आजच त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवायचा. अशी पानं फार दिवस तशीच राहत नाहीत.

पक्की तक्रार चार्जिंगची आणि पाण्याची. जे यंत्र पाण्याची टाकी लावून फरशी पुसण्यासाठीच विकलं, त्यात पाणी गेलं म्हणून वॉरंटी नाकारायची असेल, तर ते पाणी वापरणाऱ्याच्या हातून गेलं हे कंपनीने दाखवायला हवं. दोष आहे एवढं दाखवणं तक्रारदाराचं काम. वॉरंटीतून सुटका मागणाऱ्याने ती सुटका कशी लागू होते हे दाखवायचं. जॉबशीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या दुरुस्तीच्या कागदावर, एका चौकोनात टिकमार्क केला म्हणजे ते दाखवलं असं होत नाही.

म्हणून यंत्र उलटं करून भर उजेडात नीट बघा. टाकी जिथे बसते त्या खाचेच्या कडेला पांढरी रेघ दिसते का? पाणी जड असेल तर ते वाळल्यावर क्षार मागे राहतात, आणि रेघ कुठून सुरू होऊन कुठे गेली हे डोळ्यांना दिसतं. ती टाकीच्या तोंडापासून आत जात असेल, तर गळती यंत्राच्या स्वतःच्या सांध्यातून आहे असं म्हणायला तुम्हाला जागा मिळते. मोजपट्टी शेजारी धरून, जवळून फोटो काढा. स्क्रू मात्र एकही उघडू नका, आणि ओळखीच्या दुरुस्तीवाल्यालाही उघडू देऊ नका. ते यंत्र आता तुमचा पुरावा आहे.

पुढचं काम एका सलग व्हिडिओचं. मध्ये न थांबवता आधी त्या दिवसाचं वर्तमानपत्र दाखवा, मग यंत्राखालचा अनुक्रमांक, मग चार्जिंगच्या पितळी पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसताना, मुख्य ब्रशच्या दोन्ही टोकांना गुंडाळलेले केस कात्रीने कापून काढताना, आणि शेवटी यंत्र डॉकवर, म्हणजे चार्जिंगच्या बैठकीवर, बसवूनही दिवा लागत नाही ते. ‘ग्राहकाने साफसफाई ठेवली नाही’ हा बचाव हमखास येतो, त्याला हे उत्तर आहे. बॅटरीकडची बाजू फुगलेली किंवा गरम वाटली, तर चार्जिंगला लावायचा प्रयत्न करू नका. यंत्र उघड्या, कोरड्या जागी ठेवा आणि तसं कंपनीला ईमेलने कळवा.

मोबाइलमधल्या ॲपबद्दल सावध करते. त्यात तुमच्या घराचा नकाशा आहे, म्हणून मशीन सर्व्हिसला देताना तो पुसावासा वाटणं साहजिक आहे. पण त्याच ठिकाणी कोणत्या दिवशी किती मिनिटं सफाई झाली आणि कोणती त्रुटी आली याची नोंदही असते. यंत्र रीसेट केलं की ती जायची शक्यता असते. आधी प्रत्येक पानाचे स्क्रीनशॉट घ्या, मगच नकाशा पुसा. हे स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडू. ज्या फोनवर ते घेतले, त्या फोनच्या मालकाने त्यावर सही करायची, आणि त्याच्या दुसऱ्या भागावर तज्ज्ञाचीही सही लागते.

आता कायद्याचं. बिल मुलीच्या नावावर आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९च्या व्याख्येत खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहक आहे. तरी मी तक्रार दोघींच्या नावे करीन आणि ‘हे यंत्र मी आईला वापरण्यासाठी दिलं’ एवढं मुलीचं शपथपत्र जोडीन. तिला एकच विचारा, बिलावर तिच्या ऑफिसचा जीएसटी क्रमांक तर घातलेला नाही ना? तसं असेल तर ‘व्यापारी कारणासाठी खरेदी’ असा आक्षेप येऊ शकतो, आणि त्याची तयारी वेगळी करावी लागेल.

दिल्लीची अटही तुम्हाला नाशकातून हलवू शकत नाही. कलम ३४प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. १९८६च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. तिथे सामनेवाल्याचा, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा, पत्ता किंवा तक्रारीचं कारण घडलेली जागा शोधावी लागे. अटींमध्ये लवादाचं कलम असलं, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खासगी लवादापुढेच न्यायचा असं लिहिलेलं असलं, तरी त्यानेही ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात ते स्पष्ट केलं आहे.

सात दिवसांची मुदत ही ‘आवडलं नाही, परत घ्या’ यासाठी. सदोष मालाला ती लावता येत नाही. ई-कॉमर्स नियम, २०२०प्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. त्याच नियमांप्रमाणे संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तुमच्या तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. तुम्ही लेखी मागितलंत तर विक्रेत्याचा पूर्ण पत्ता देणंही त्यांच्यावर बंधनकारक आहे. तो पत्ता आजच मागा, कारण नोटीस त्याच्यावरही बजावायची आहे. खोक्यावरचा आयातदाराचा पत्ताही टिपून ठेवा. कायद्याच्या व्याख्येत आयात करणारा विक्रेत्यांत मोडतो, आणि दुसऱ्याने बनवलेल्या मालावर स्वतःचं नाव लावणारा उत्पादक ठरतो. ‘आम्ही फक्त ब्रँड आहोत, माल बाहेर बनतो’ हे ऐकून घ्यायची गरज नाही.

नोटीस तुम्हीच पाठवू शकता. फार लांब नको. खरेदीची तारीख आणि बिल क्रमांक, तीनही वेळा मशीन नेल्या-आणल्याच्या तारखा, तिसऱ्या जॉबशीटमधलं वाक्य जसंच्या तसं, आणि त्याखाली हा मजकूर: ‘पाणी कोणत्या मार्गाने, कोणत्या भागात गेलं याचा तपासणी अहवाल फोटोंसह १५ दिवसांत द्यावा. तसा अहवाल नसल्यास यंत्र विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून द्यावं, अथवा ३१,९०० रुपये परत करावेत.’ ईमेलनेही पाठवा आणि स्पीड पोस्टानेही, आणि पोच झाल्याचा कागद छापून फाइलला लावा. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. पुष्कळ लहान प्रकरणं या टप्प्यावरच मिटतात, आणि तुमचं मिटलं तर मला मनापासून आनंद होईल.

नाही मिटलं तर जिल्हा आयोग. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते, वकील लावायची सक्ती नाही, आणि गुडघ्यांचं कारण देऊन दूरदृश्य प्रणालीने हजर राहण्याची परवानगी मागता येते. सामनेवाल्यांना उत्तर द्यायला ३० दिवस, आणि आयोगाने दिले तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२०मध्ये ठरवलं आहे. दोष तपासणीशिवाय कळणार नाही असं आयोगाला वाटलं, तर यंत्र योग्य प्रयोगशाळेकडे पाठवलं जातं. त्याचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागू शकतो. म्हणूनच फोटो आणि व्हिडिओसाठी मी इतका आग्रह धरते आहे. ते चोख असतील तर तपासणीविनाही आपलं म्हणणं मांडता येतं. कायदा म्हणतो, तपासणी लागत नसेल तर ३ महिन्यांत आणि लागत असेल तर ५ महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागेल असंच धरून चाला. मध्येच आयोगाने मध्यस्थीचं सुचवलं तर नाही म्हणू नका.

भरपाई मागताना हात आखडता घ्या. किंमत व्याजासह, त्रासाबद्दल काही हजार आणि तक्रारीचा खर्च, एवढं पुरे. ३१,९००च्या यंत्रासाठी पाच लाख मागितले की तुमच्या खऱ्या त्रासाकडेही संशयाने पाहिलं जातं. तो त्रास तुमच्या शब्दांत लिहा: वाकवत नाही म्हणून यंत्र घेतलं, आणि पाच महिन्यांनी पुन्हा केरसुणी हातात आली. आदेश होऊनही कंपनीने तो पाळला नाही, तर कलम ७२खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मुदत दोन वर्षांची आहे. ती शेवटच्या नकारापासून मोजावी असा युक्तिवाद करता येतो, पण तुम्ही पहिल्या बिघाडापासूनच मोजा. पत्रव्यवहार चालू ठेवल्याने मुदत वाढत नाही. ‘कंपनी बघते म्हणाली होती’ असं सांगत मुदत गेल्यावर आलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना परत पाठवताना फार वाईट वाटतं.

लढण्यात अर्थ आहे का, असं विचारलंत. चार्जिंगच्या तक्रारीपुरता नक्की आहे. ११,८०० रुपये भरू नका. मुलीने परस्पर भरलेच, तर ‘हक्क राखून भरत आहे’ असा ईमेल त्याच दिवशी जायला हवा. आणि तिसऱ्या जॉबशीटची पुढची बाजू तुम्ही पाठवलीत, मागची पाठवली नाहीत. तिथे बारीक इंग्रजीत अटी असतात, आणि त्यांखाली तुमची सही आहे की नाही हे मला बघायचं आहे. तो फोटो आला की नोटिशीचा शेवटचा परिच्छेद लिहून देते.