घर मेळघाटच्या जंगलाला लागून आहे. वणवा आला तर गाव कधी सोडावं, गुरांचं काय करावं?

धूर वाऱ्यासोबत गावाकडे वळला की लगेच निघा, आणि त्याआधी गुरांची दावी सोडून त्यांना नांगरलेल्या वावरात हाका. बांधलेलं जनावर आग पोचण्याआधी धुरानेच गुदमरतं. पळताना चढ टाळा, चढावर आग फार वेगाने धावते. फेब्रुवारी ते जून एक पिशवी दाराशीच असू द्या: सातबारा, आधार, पासबुक, रोजची औषधं, टॉर्च. वनविभागाचा १९२६ नंबर मोबाइलमध्ये ठेवा (रेंज मिळाली तर!). मात्र आपल्याकडची आग बहुतेक वेळा पाल्यापाचोळ्यातून जमिनीलगत सरकते, त्यामुळे गावाभोवती मोकळं वावर असेल तर सहसा घर सोडावं लागत नाही. खरा धोका गोठ्यालगतच्या कुटाराच्या ढिगाचा, तिथे एक ठिणगी पुरते. तो आत्ताच लांब हलवा.