करोनाच्या काळात अर्धी मुलं वर्गात आणि अर्धी घरी मोबाईलवर, अशा वेळी शिक्षक दोघांना एकदम कसं शिकवायचे?

एकदम शिकवणं जमत नाही, हे आधीच सांगते. मी आठवडाभर जिवाचं रान करून बघितलंय.

मी तालुक्याच्या गावी दहावीला गणित शिकवते. आमच्याकडे महाराष्ट्रात २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावीचे वर्ग सुरू झाले, पाचवी ते आठवी २७ जानेवारी २०२१ पासून. पालकांचं संमतीपत्र असेल तरच मूल वर्गात, हजेरीची सक्ती नाही, एका बाकावर एकच जण. माझ्या वर्गाचा पट ५२ आणि बाकं २६, मग सम-विषम हजेरी क्रमांक लावून एक दिवसाआड बोलवायचं ठरलं.

पहिल्या आठवड्यात मी वर्गातूनच लाईव्ह घेतलं. पहिल्या बाकावर दोन रजिस्टरं, त्यावर खडूचा डबा, त्याला टेकवून मोबाईल. फळ्यावर खिडकीचा उजेड चमकायचा म्हणून घरच्या मुलांना गणिताच्या जागी नुसता पांढरा पट्टा दिसायचा, मास्कमुळे आवाज दबायचा, वर्गातल्या कुणी शंका विचारली की ती घरी ऐकूच जायची नाही, आणि ३५ मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं "मॅडम आवाज येत नाही" यातच जायची. समोरची मुलं तोवर गप्प बसून. त्यांच्याकडे बघून मला फार वाईट वाटायचं, आठ महिन्यांनी शाळेत आली होती ती.

मग लाईव्ह बंदच केलं. नवीन भाग फक्त वर्गात, तोच तास सोमवारी विषमला आणि मंगळवारी समला. घरच्या दिवशी सरावाची गणितं, प्रत्येक पायरी लिहून वहीचा फोटो व्हॉट्सॲपवर. शंकांसाठी संध्याकाळी सात ते साडेसात, कारण बऱ्याच घरात मोबाईल एकच आणि तो वडिलांबरोबर कामावरून परत यायचा. दोनदा शिकवायचं म्हणजे वेग निम्मा होतो हे खरंय, पण त्या वर्षी अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला होता म्हणून निभावलं.

फोटोचा फायदा सांगते. वर्गसमीकरणं सूत्राने सोडवताना एका मुलीची दहाच्या दहा उत्तरं चुकली. फोटो मोठा करून बघितला तर b ची किंमत −७ असली तरी ती −b ला परत −७ च लिहीत होती. बाकी सगळं बरोबर! दुसऱ्या दिवशी ती वर्गात आल्यावर फळ्यापाशी उभं करून दोन मिनिटांत दाखवलं. लाईव्ह तासात हे मला कधीच कळलं नसतं. पुढे २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द होऊन निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला, तेव्हा गृहपाठाचे गुण द्यायला हेच फोटो कामी आले.

सगळ्यात अवघड होती ती संमतीपत्रच न आलेली आणि घरात मोबाईलही नसलेली मुलं. त्यांना एकाच वस्तीतला जोडीदार दिला, तो शाळेतून सरावाचे कागद घेऊन जायचा आणि सोडवलेले परत आणायचा. शनिवारी मी शेजाऱ्यांच्या फोनवर फोन करून बोलायचे. तरीही दोन मुलं त्या वर्षी गणितात मागे पडली ती पडलीच, त्याची हळहळ अजून आहे.

तुमच्यावर परत अशी वेळ आली तर कुठलं ॲप वापरायचं हे नंतर बघा. आधी एक कागद घ्या आणि कुणाच्या घरी मोबाईल किती वाजता मुलाच्या हातात असतो ते नावापुढे लिहा, वेळापत्रक त्यावरून करा.