कोकणकन्येने परतताना
मडगावहून कोकणकन्या एक्स्प्रेसने मुंबईकडे दोघंच परतताय ना? मग साइडचे बर्थ घ्या. स्लीपर आणि थ्री एसीत ७-८, १५-१६ असे जोडीने येतात. खाली समोरासमोर पाय पसरून गप्पा होतात, रात्री मधला बर्थ लावायची कटकट नाही. उंच माणसाला आखूड पडतो हे खरं. आमच्या ह्यांचे पाय रात्रभर वाटेत. कोकमाच्या आगळाची (घट्ट रसाची) बाटली मात्र कपड्यांच्या बॅगेत नको. आमची रत्नागिरीच्या आधीच पाझरली, माझा पांढरा कुर्ता अजून गुलाबी आहे. वेगळ्या पिशवीत, उभी ठेवा. काजू कुठेही चालतात. ठाण्याला उतरणार असाल तर पनवेल गेलं की उठा, पहाटे दारापाशी बॅगांचा ढीग असतो. पावसाळ्यात जाणार असाल तर गाडीची वेळ बघा, तेव्हा कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं.